नागपूरचा प्रो बास्केटबॉल संघ कधी?

2015 मध्ये यूबीए ही बास्केटबॉल लीग सुरू झाली, तेव्हा पुणे पेशवाज आणि मुंबई चॅलेंजर्स हे महाराष्ट्राचे दोन संघ होते. 2017 नंतर ती थांबली. 2022 मध्ये आयएनबीएल ही नवी लीग आली, त्यात मुंबई टायटन्स. विदर्भाचा एकही नाही!

पण इथे खेळ नाही असं नाही. शिवाजीनगर जिमखाना, धरमपेठ क्रीडा मंडळ या क्लबांची नावं नागपुरी बास्केटबॉलवाल्यांना वेगळी सांगावी लागत नाहीत. तिथल्या पोरांचा खेळ एकदा कोर्टवर जाऊन बघाच. 3.05 मीटर उंच रिंग, शॉटसाठी फक्त 24 सेकंद. तेविसाव्या सेकंदाला कोपऱ्यातून सुटलेला थ्री-पॉइंटर रिंगला न लागता जाळीत उतरला, की अख्खा बेंच उठून उभा राहतो. अशा पोरांना मानधन आणि वर्षभराचे सामने मिळायलाच हवेत.