मोठी हार्ड डिस्क निवडताना

धर्मग्रामाच्या कार्यालयातील पोलादी कपाटात बाप्तिस्मा, विवाह व मृत्यूच्या नोंदवह्या पिढ्यानपिढ्या जपून ठेवल्या गेल्या आहेत. आता त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती, शाळांचे दाखले, संस्थांचे हिशेब आणि छायाचित्रकारांनी टिपलेले विवाहसोहळे संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये साठू लागले आहेत. वहीला वाळवी लागली तरी काही पाने वाचतात. डिस्क निकामी झाली तर बहुधा सारेच एका क्षणात जाते. म्हणून अशा कामासाठी डिस्क कशी निवडावी, याचा थोडा विचार आपण करू या.

सन १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या व साठवण होती सुमारे ५० लाख अक्षरांची. आज साडेतीन इंची डिस्कमध्ये २० ते ३० टेराबाइट, म्हणजे टीबी, माहिती मावते. या वाटचालीत हेलियम वायूचा वाटा मोठा आहे. हेलियमची घनता हवेच्या सुमारे एक सप्तमांश असल्यामुळे फिरणाऱ्या तबकड्यांना विरोध कमी होतो, वीज कमी लागते आणि तेवढ्याच जागेत अधिक तबकड्या बसविता येतात. अशी पहिली डिस्क एचजीएसटी कंपनीने सन २०१३ मध्ये आणली. तिची क्षमता ६ टीबी होती.

परंतु केवळ क्षमता पाहून डिस्क घेणे योग्य नव्हे. घरगुती डिस्क दिवसाचे काही तास चालावी, अशा बेताने बनविलेली असते. व्यावसायिक, म्हणजेच ‘एन्टरप्राइज’ दर्जाची डिस्क अहोरात्र चालण्यासाठी असते. वर्षाकाठी साधारण ५५० टीबी वाचन-लेखन तिला झेपावे, असे उत्पादक सांगतात. काही घरगुती डिस्कच्या बाबतीत हाच आकडा ५५ टीबी असतो. हमीही बहुधा पाच वर्षांची मिळते.

माहितीपत्रकात ‘एमटीबीएफ २५ लाख तास’ असा आकडा दिसतो. त्याचे वर्षांत रूपांतर केले तर २८५ वर्षे होतात! मात्र एक डिस्क एवढी वर्षे चालेल, असा त्याचा अर्थ नाही. एक हजार डिस्क वर्षभर अखंड चालविल्या तर त्यांपैकी साडेतीनच्या आसपास निकामी होतील, एवढेच तो आकडा सांगतो. त्या तीन-चार डिस्कपैकी एक आपली असू शकते, हे गृहीत धरूनच पुढचा विचार करावा.

याच कारणासाठी अनेक डिस्क एकत्र जोडून ‘रेड’ नावाची रचना केली जाते. रेड-५ मध्ये एक आणि रेड-६ मध्ये दोन डिस्क निकामी झाल्या तरी माहिती शाबूत राहते. व्यावसायिक डिस्कचे खरे मोल अशा समूहात कळते. एका पेटीत अनेक डिस्क फिरू लागल्या की एकीची थरथर दुसरीला बाधते. ती ओळखून सावरण्याची सोय व्यावसायिक डिस्कमध्ये असते. शिवाय एखादा भाग वाचता आला नाही, तर ती सुमारे सात सेकंदांत प्रयत्न थांबवून तसे कळविते व नियंत्रक तो मजकूर इतर डिस्कवरून उभा करतो. घरगुती डिस्क मात्र बराच वेळ अडून बसते आणि नियंत्रक तिला निकामी समजून समूहातून बाहेर काढतो.

लेखनपद्धतीकडेही लक्ष द्यावे. ‘एसएमआर’ पद्धतीत माहितीच्या पट्ट्या छपरावरील कौलांप्रमाणे एकमेकींवर किंचित चढविलेल्या असतात. एक कौल बदलताना शेजारची हलवावी लागतात, तसेच येथेही पुनर्लेखन मंदावते. सन २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या समूहासाठी विकल्या जाणाऱ्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्कमध्ये ही पद्धत असूनही माहितीपत्रकात तिचा उल्लेख नव्हता, हे उघड झाले आणि ग्राहक नाराज झाले. समूहासाठी ‘सीएमआर’ पद्धतीचीच डिस्क मागावी.

क्षमता जितकी मोठी, तितकी दुरुस्ती लांबते. २० टीबीची नवी डिस्क सेकंदाला २०० एमबी या वेगाने सलग भरली तरी सुमारे २८ तास लागतात. या काळात उरलेल्या डिस्कवर मोठा ताण असतो. रेड-५ मध्ये याच वेळी दुसरी डिस्क गेली तर सर्वस्व गेले. म्हणून मोठ्या डिस्कसाठी रेड-६ अधिक सुरक्षित.

खरेदी करताना आणखी काही गोष्टी पाहाव्यात. ‘सॅस’ जोडणीची डिस्क साध्या ‘साटा’ जोडणीच्या संगणकावर चालत नाही. २० टीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे १८.२ टीबी दिसते; मोजण्याची रीत निराळी असल्याने तसे होते, ती फसवणूक नव्हे. अनुक्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर घालून हमी तपासावी व डिस्क आधी किती तास चालली आहे, तेही पाहावे. वापरलेली डिस्क नवी म्हणून हाती येऊ नये, यासाठी ही दक्षता.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. रेड म्हणजे दुसरी प्रत नव्हे. चुकून पुसलेली फाईल सर्वच डिस्कवरून पुसली जाते. आग व पाणी तर संपूर्ण पेटीच नेतात. २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबई परिसरातील असंख्य तळमजल्यांत पाणी शिरले होते, हे आपण विसरलेलो नाही. तेव्हा माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. पैसे मोजकेच असतील तर एकच महागडी डिस्क घेण्यापेक्षा दोन मध्यम डिस्क घेऊन त्या दोन ठिकाणी ठेवणे शहाणपणाचे. अधूनमधून ती प्रत उघडून पाहावी. कारण जी प्रत कधी उघडलीच नाही, तिच्यावर विसंबून राहता येत नाही.