तपासणी गावात आली, पण रोजावरची बाई शेतातच



कृषी खात्याच्या माणसाने बायकांच्या दुखण्यावर लिहावे, याचे तुम्हांला नवल वाटेल. पण गावोगाव पीक प्रात्यक्षिके घेता घेता एक गोष्ट माझ्या पक्की ध्यानात आली आहे. प्रात्यक्षिक होते रस्त्याकडेच्या बागायतदाराच्या शेतावर. माळावरच्या कोरडवाहूवाल्याला ते कळते पेरणी उरकल्यावर. स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीचेही तसेच चालले आहे.

बीड जिल्ह्यातल्या एका गावी ८ मार्चला, महिला दिनाचे शिबिर होते. जागा शाळेची, वेळ सकाळी अकराची. मातीच्या नमुन्यांच्या कामाने मीही तिथे होतो. तपासणीला आल्या कोण? गुरुजींच्या घरच्या, दुकानदाराच्या घरच्या, ज्यांच्या शेतावर गडी राबतो त्यांच्या घरच्या. वस्तीवरच्या बाया हरभरा काढायला गेलेल्या. ऊसतोडीची कुटुंबे तर दिवाळीपासूनच कारखान्यावर. शिबिर मात्र यशस्वी झाले!

त्याच वस्तीवरची एक बाई पाडव्यानंतर तोडीवरून परतली. गाठ तिच्या हाताला आदल्या वर्षीच लागली होती. पण दुखत नव्हती. शिवाय उचल अंगावर. खाडा केला तर मुकादम पैसे कापणार. दवाखान्यात गेली तेव्हा गाठीवरची कातडी फुटली होती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया झाली, पण बुडालेला रोज आणि एसटीचे भाडे कोणत्या योजनेत बसते? ती आज आहे. पुढचे सांगवत नाही.

भगिनींनो, गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका. ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. काखेत गाठ, कातडीला संत्र्याच्या सालीसारखे खळगे, बोंडी आत ओढली जाणे, तिच्यातून रक्त येणे, यांतले काही दिसले तर लगेच आरोग्य केंद्रात जा. बहुतेक गाठी साध्याच निघतात; पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

यंत्र शहरातच असते, ही सबबही चालणार नाही. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची तपासणी दर पाच वर्षांनी हातानेच करायची आहे. टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडवस्त्यांत १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर अभ्यास केला. निम्म्या भागांत शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष आले : तपासलेल्यांत रोग लवकर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत त्याने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांत तशी घट दिसली नाही, हेही सांगितले पाहिजे. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी स्तनांची तपासणी कधी तरी झालेल्या शंभरात एकही भरली नाही.

शेतकरी बंधूंनो, आता थोडे तुमच्याशी. तुमच्या शेतात खुरपायला येणारी बाई तपासणीला जात नाही ती अडाणी म्हणून नव्हे. अर्धा दिवस गेला तर अर्धा रोज जातो आणि उद्या दुसरीला बोलावतील ही धास्ती असते. तपासणीच्या दिवशी तिचा रोज कापू नका. फवारणीच्या पंपाला आपण किती खर्च करतो! घरच्या लक्ष्मीलाही त्याच दिवशी पाठवा. कित्येक बागायतदारांच्या घरची सूनसुद्धा सासूला विचारल्याशिवाय निघू शकत नाही.

ज्या गावांतून तोडीला माणसे जातात तिथल्या सरपंचांनी आशाताईंना आणि आरोग्य केंद्राला आताच सांगून ठेवावे. शिबिर दसऱ्याच्या आधी, उचल वाटली जाण्यापूर्वी घ्या. वेळ संध्याकाळी सहानंतरची आणि जागा वस्तीवरच्या समाजमंदिराची ठेवा. आत पडदा लावा आणि तपासणारी बाईच असेल हे आदल्या दिवशी घरोघर सांगा. दवंडीत एवढे सगळे सांगता येत नाही.