घरातल्या वायरींचा पत्ता

मी ३४ वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. तिथे एका खोलीत भिंतभर लोखंडी सांगाडा उभा असे. त्याला आम्ही एमडीएफ, म्हणजे मेन डिस्ट्रिब्यूशन फ्रेम म्हणत असू. गावातल्या प्रत्येक टेलिफोनची तारांची जोडी जमिनीखालून येऊन या सांगाड्याच्या एका बाजूला बसे. एक्स्चेंजच्या यंत्राची जोडी दुसऱ्या बाजूला बसे. मधे जंपर वायर टाकून दोघांची गाठ घालून द्यायची, हे आमचं काम. तारांच्या रंगांची भाषा ठरलेली होती. पांढरा-निळा ही पहिली जोडी, पांढरा-नारिंगी दुसरी, पांढरा-हिरवा तिसरी. असे १० रंग वापरून २५ जोड्या ओळखता येत. सोबतीला रजिस्टर असे. कालच बदलून आलेला माणूससुद्धा रजिस्टर उघडून कोणाचा फोन कुठे बसला आहे, ते दोन मिनिटांत सांगू शके.

हे सगळं सांगतोय, कारण पुढची गोष्ट माझ्या फजितीची आहे.

जुलै २०१९ मध्ये एका छोट्या शस्त्रक्रियेसाठी मी दोन रात्री दवाखान्यात होतो. बाहेर धो धो पाऊस. घरी सौ. एकटीच. रात्री नऊच्या सुमाराला आमच्या फ्लॅटमधली वीज गेली. शेजारी दिवे होते, म्हणजे बिघाड आमच्याच घरात. तिने दारामागची डीबी उघडली. आत एकसारखे १२ खटके, कशावरही नाव नाही. मोठा खटका पडलेला होता. तो वर केला की क्षणात पुन्हा खाली. तिने चार वेळा करून पाहिलं आणि घाबरून सोडून दिलं. राउटर बंद, मोबाइलची बॅटरी संपत आलेली. मला काळजी नको म्हणून तिने फोन केला नाही आणि बंगळूरच्या मुलाला तिचा फोन लागेना. ती रात्र तिने मेणबत्तीवर काढली. सकाळी वायरमन आला. बिघाड शोधायला त्याला दीड तास लागला, कारण कोणता खटका कुठला हे आधी शोधावं लागलं. बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनच्या सॉकेटमध्ये पाणी शिरलं होतं, एवढंच.

मी घरी आल्यावर सौ. शांतपणे म्हणाली, “अहो, गावाच्या हजारो तारा सांभाळल्यात. घरातल्या १२ खटक्यांची नावं तेवढी लिहायची राहिली!” यावर काय उत्तर देणार? मी वही घेतली आणि कामाला लागलो.

आधी त्या रात्री काय झालं, ते समजून घेऊ. डीबीतले छोटे खटके म्हणजे एमसीबी. तारेतून तिच्या ताकदीपेक्षा जास्त प्रवाह वाहू लागला किंवा शॉर्ट सर्किट झालं, की तो पडतो. तो मुख्यतः तार वाचवतो. मोठा खटका म्हणजे आरसीसीबी. पुष्कळ जण त्याला अजून ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत येतो की नाही, हे तो सतत ताडून पाहतो. थोडा जरी प्रवाह ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीकडे गेला, तर तो पडतो. घरगुती आरसीसीबी ३० मिलीअँपिअरचा असतो. दिव्यांसाठीचा ६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे ६००० मिलीअँपिअर. नुसत्या एमसीबीच्या भरवशावर माणूस का वाचत नाही, ते या दोन आकड्यांवरून कळेल. म्हणून वारंवार पडणारा आरसीसीबी कटकट वाटली, तरी तो कधीही काढून टाकू नका. त्याच्यावर एक टेस्टचं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबावं. खटका पडला, तर तो काम करतो आहे.

तो पडून बसत नसेल तर काय करायचं? सगळे एमसीबी खाली करा. आरसीसीबी वर करा. मग एकेक एमसीबी वर करत जा. ज्याला हात लावताच मोठा खटका पडेल, बिघाड त्याच्याच वाटेवर आहे. तो एक खाली ठेवा, बाकीचं घर चालू होईल. त्या वाटेवरच्या सॉकेटला मात्र हात लावू नका. सगळे एमसीबी खाली असूनही मोठा खटका टिकत नसेल किंवा जळका वास येत असेल, तर प्रयोग थांबवा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. ही कृती सौ.ला त्या रात्री पाच मिनिटांत जमली असती. पण बाल्कनीचा खटका कुठला, हे तरी लिहिलेलं हवं होतं!

आता कामाची पद्धत. सुरुवात पेचकसाने करू नये, कागदाने करावी. घराचा साधा नकाशा काढा. प्रत्येक दिवा, पंखा, सॉकेट यांना क्रमांक द्या. एक जण डीबीपाशी उभा राहून एकच खटका खाली करील आणि दुसरा घरभर फिरून काय बंद झालं ते लिहील. आम्हा दोघांना पाऊण तास लागला. गिझर आणि स्वयंपाकघराचे सॉकेट एकाच खटक्यावर आहेत, हेही तेव्हाच कळलं. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर घेतो. त्याच वाटेवर मिक्सर आणि इस्त्री लागली, की खटका पडू शकतो. गिझर आणि एसी यांना स्वतंत्र वाट हवी. हा बदल मी वायरमनकडून करून घेतला. डीबीचं झाकण उघडून आतल्या तारांना हात लावणं हे घरच्या माणसाचं काम नाही, मग तो निवृत्त टेलिफोनवाला का असेना.

दुसरा पसारा इंटरनेटचा. फायबरचा डबा, राउटर, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर, त्यांचे अॅडॉप्टर, सगळं टीव्हीमागे गुंतून पडलं होतं. त्यासाठी मी भिंतीवर एक छोटा रॅक बसवला. या रॅकची १९ इंच रुंदी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आम्ही रोज पाहत होतो. उंची ‘यू’मध्ये मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच. घराला ६ यू पुरतात, पण खोली आधी मोजा. रेकॉर्डर आत बसला आणि मागे केबल वळायला जागा राहिली नाही, असं व्हायला नको. निम्मा रॅक भरला की थांबावं. बाकी जागा पुढच्या दहा वर्षांसाठी.

इथे माझी दुसरी चूक सांगतो. हौसेने राउटरही त्या लोखंडी पेटीत ठेवला आणि दार लावलं. बेडरूममधलं वायफाय गायब! लोखंड त्या लहरी अडवतं. राउटर बाहेर, उंचावर आणि घराच्या मध्याजवळ हवा. पेटीत बाकीची यंत्रं राहू द्यावीत, पण तीही गरम होतात. गरम हवा वर जाते, म्हणून पेटीला खाली आणि वर दोन्हीकडे जाळी हवी. पेटी लोखंडी असेल तर तिला अर्थिंग हवंच. इन्व्हर्टरची पाण्याची बॅटरी मात्र या कपाटात कधी ठेवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. तिला मोकळी हवा लागते.

केबलचे नियम थोडेच आहेत. विजेच्या तारा आणि नेटची केबल एकाच पाइपात घालू नयेत. फायबर काचेची असते. तिला कोपऱ्यात चेपून दुमडू नका. जास्तीची फायबर चहाच्या बशीएवढ्या वेढ्यांत गुंडाळून ठेवा. उघड्या टोकात डोळा घालून पाहू नका, आतला लेसर डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक केबल हातभर जास्त ठेवा. बांधायला प्लॅस्टिकची करकचणारी पट्टी नको, वेल्क्रोची पट्टी घ्या. आणि प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना नाव लावा. एकाच टोकाला लावलेलं नाव निम्म्याच कामाचं.

नावं लिहिताना मी आधी एक्स्चेंजच्या सवयीने ‘सर्किट क्र. ७’ असं लिहिलं. सौ.ने ते खोडून लिहिलं, ‘बाल्कनी, वॉशिंग मशीन’. तिचं बरोबर होतं. चिठ्ठी अडचणीच्या वेळी वाचणाऱ्यासाठी असते. डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आता तिच्या अक्षरातला तक्ता आहे. त्याखाली मोठा खटका पडला तर काय करायचं ते चार ओळींत, वायरमनचा फोन नंबर आणि तारीख. शेजारी खिळ्याला एक टॉर्च टांगलेला असतो.

दर दिवाळीच्या साफसफाईत आम्ही तो तक्ता ताडून पाहतो. गेल्या वेळी मी मुद्दाम एक खटका पाडून गॅलरीत जाऊन बसलो. सौ.ने टॉर्च घेतला, तक्ता पाहिला आणि दिवे लागले. मग आतून आवाज आला, “चहा हवा असेल तर असले उद्योग बंद करा!”

आज घरी गेल्यावर तुमच्या डीबीचं झाकण उघडा. स्वतः काही सांगू नका. घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी विचारा, यातला फ्रिजचा खटका कोणता? उत्तर आलं नाही, तर वही-पेन्सिल घेऊन दोघं मिळून कामाला लागा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)