कुंडीतल्या जास्वंदीची नाडीपरीक्षा

वसई रोड स्थानकाकडून वसई गावाकडे जाताना वाटेत पापडी लागते. या परिसरातील वाड्यांची फुले पहाटेच्या लोकलने दादरच्या बाजारात जात आली आहेत. पुष्कळशा वाड्यांच्या जागी आता इमारती उभ्या राहिल्या. तरी फुलझाडांची हौस काही गेली नाही. ती गॅलरीतल्या कुंडीत आली.

पण वाडीत फोफावणारी जास्वंद कुंडीत एखाद्या दिवशी अचानक मान टाकते. पाने पिवळी पडतात, कळ्या न उमलताच गळतात. मग घरातला जो तो एकच उपाय सुचवतो, 'पाणी घाला!' पुष्कळदा नेमका हाच उपाय रोपाच्या जिवावर उठतो. असे का व्हावे? विद्यार्थी मित्रांनो, उपचाराला हात घालण्यापूर्वी आपण रोपाची नाडी पाहू या.

मुळांनाही हवा लागते

पाने हवेत असतात, म्हणून त्यांच्या श्वसनाची आपल्याला काळजी नसते. मुळेही रात्रंदिवस श्वसन करतात हे मात्र आपण विसरतो. त्यांना लागणारा ऑक्सिजन मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. या पोकळ्या पाण्याने भरून गेल्या की मुळांची कोंडी होते, कारण पाण्यातून ऑक्सिजन पसरण्याचा वेग हवेतल्या वेगाच्या सुमारे दहा हजारपट कमी असतो.

ऑक्सिजन मिळाला तर ग्लुकोजच्या एका रेणूपासून पेशीला ऊर्जेचे, म्हणजे एटीपीचे, सुमारे ३० रेणू मिळतात. ऑक्सिजनवाचून अवघ्या २ रेणूंवर भागवावे लागते. अशा उपाशी मुळाच्या पेशींत आम्लता वाढते. पेशींच्या पटलात पाणी आत घेणारी प्रथिनांची सूक्ष्म दारे असतात. त्यांना ॲक्वापोरिन म्हणतात. (त्यांच्या शोधाबद्दल पीटर ॲग्रे यांना २००३ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.) आम्लता वाढली की ही दारे मिटतात. म्हणजे मुळांभोवती पाणीच पाणी आणि पाने मात्र तहानलेली!

त्यातच पिथियम, फायटोप्थोरा यांसारखे बुरशीवजा जीव संधी साधतात. त्यांचे बीजाणू पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात आणि दुबळी झालेली मुळे कुजवतात.

स्पंजचा प्रयोग

जमिनीत मुरलेले पाणी खोल जाऊ शकते. कुंडीत तसे होत नाही. भांडी घासण्याचा आयताकृती स्पंज घ्या. तो पाण्यात पूर्ण भिजवून तळहातावर आडवा धरा. थेंब पडायचे थांबेपर्यंत वाट पाहा. आता तोच स्पंज, न पिळता, उभा करा. काय दिसते? पुन्हा पाणी गळू लागते!

केशाकर्षणामुळे स्पंजच्या तळाशी पाण्याचा एक थर अडून राहतो. स्पंज आडवा असो वा उभा, या थराची उंची साधारण तेवढीच असते. म्हणून बुटक्या कुंडीतल्या मातीचा मोठा भाग ओला राहतो, तर उंच कुंडीत वरच्या मुळांना हवा मिळते. कुंडीच्या तळाशी खडी घातल्यानेही हा थर नाहीसा होत नाही. बारीक मातीतले पाणी खडीच्या वर अडून बसते आणि मुळांची जागाच कमी होते. भोकावर खापराचा एक तुकडा ठेवला की माती वाहून जात नाही, तेवढे पुरे.

लक्षणे वाचा

आता निदान करू या. पहिली तपासणी बोटाची. मातीत दोन पेरे बोट घाला. माती कोरडी आणि कुंडी उचलायला हलकी असेल, तर रोप खरोखरच तहानलेले आहे. फार वाळलेली माती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि वरून घातलेले पाणी कडेनेच वाहून जाते. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या बादलीत बसवावी, मग निथळू द्यावी.

माती ओली असूनही पाने मलूल असतील, तर मुळांबद्दल संशय घ्या. रोप बुंध्याशी धरून कुंडी उपडी करा, कड हलकेच ठोका. मातीचा गड्डा बाहेर येईल. निरोगी कोवळी मुळे पांढरट आणि टणक असतात. कुजलेली मुळे तपकिरी आणि मऊ असतात, त्यांना वास येतो, आणि ओढल्यावर त्यांची साल हातात येते.

पानांचा पिवळेपणाही बोलका असतो. आधी खालची जुनी पाने पिवळी पडली, तर नत्राची उणीव संभवते, कारण वनस्पती जुन्या पानांतील नत्र काढून नव्या पानांना पुरवते. लोहाची अशी ने-आण फारशी होत नाही. त्यामुळे कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर लोह कमी पडते आहे असे समजावे. शेंड्यांवर कापसासारखे पुंजके आणि आसपास मुंग्या दिसल्या, तर तो पिठ्या ढेकूण. साबणाच्या सौम्य पाण्यात भिजवलेल्या फडक्याने तो पुसून काढावा.

मचूळ पाण्याचा हिशेब

पानांच्या कडा करपल्या असतील आणि कुंडीवर पांढरा थर जमला असेल, तर क्षार वाढले आहेत. वसईच्या किनारपट्टीत हा विषय कुंडीपुरता नाही. पावसाळ्यात इथल्या बावखलांत साठलेले पाणी जमिनीत मुरते आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला मागे रेटते. गोड्या पाण्याचा उपसा वाढला की खारे पाणी आत सरकते आणि विहिरी मचूळ होतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ उभी राहिली. टँकरने बाहेर जाणारे विहिरींचे पाणी हा त्या चळवळीतला एक कळीचा प्रश्न होता.

कुंडीचा हिशेब करून पाहा. दर लिटरमागे १ ग्रॅम क्षार असलेले अर्धा लिटर पाणी आपण रोज घातले आणि भोकातून थेंबही बाहेर पडला नाही, तर महिन्याला १५ ग्रॅम क्षार मातीत साठतील. पाण्याची वाफ होते. क्षार मागे उरतात. मग परासरणामुळे मुळांना पाणी ओढून घेणे कठीण होते. यावर उपाय म्हणजे गोड्या पाण्याने माती धुणे. कुंडीच्या आकारमानाच्या दोन-तीनपट पाणी सावकाश ओतून ते भोकावाटे जाऊ द्यावे. पावसाचे साठवलेले पाणी याला उत्तम. समुद्रावरची वाळू मात्र कुंडीत घालू नये.

उपचाराचा क्रम

कुजलेली मुळे स्वच्छ कात्रीने कापून टाका. उरलेल्या मुळांना पुरेल एवढीच कुंडी घ्या. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती पाणी धरून बसते. बागेची माती, चांगले कुजलेले शेणखत आणि जाड नदीची वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे सारख्या भागांनी मिसळा.

आता पानांचा विचार. स्टीफन हेल्स या इंग्रज संशोधकाने १७२४ साली सूर्यफुलाच्या कुंडीचे तोंड शिशाच्या पत्र्याने बंद करून ती पंधरा दिवस वेळोवेळी तोलली. दिवसाच्या बारा तासांत रोप सरासरी १ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारे ५७० ग्रॅम पाणी हवेत सोडत होते. पाने इतका खर्च करतात. मुळे निम्मी झाली आणि पाने तेवढीच राहिली, तर जमाखर्च कसा जुळावा? म्हणून फांद्या सुमारे एक तृतीयांश छाटाव्यात आणि रोप काही दिवस उजेडाच्या पण थेट ऊन नसलेल्या जागी ठेवावे. नवी पालवी दिसेपर्यंत रासायनिक खत देऊ नये, कारण तेही क्षारच. पाणी द्यायचे तेव्हा भोकातून निथळेपर्यंत द्यावे. मग वरची माती सुकेपर्यंत थांबावे. बशीतले पाणी ओतून टाकावे, म्हणजे मुळेही वाचतील आणि डासही होणार नाहीत.

सगळीच रोपे वाचत नाहीत. बुंधाच मऊ पडला असेल, तर वरची निरोगी फांदी कापून ओलसर वाळूत लावावी. जास्वंदीला अशी मुळे फुटतात.

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज घेता येईल. सारख्या दोन कुंड्यांत सारखी रोपे लावावीत. एकीला रोज ठरलेले पाणी द्यावे, दुसरीला बोटाने माती पाहून. दोन्ही कुंड्या रोज तराजूवर तोलाव्यात आणि वजनाचा आलेख काढावा. पावसाळ्यात एकदा आणि मे महिन्यात एकदा हा प्रयोग केला, तर रोपाची गरज ऋतूप्रमाणे कशी बदलते हे विद्यार्थ्यांना स्वतःच्या आकड्यांतून वाचता येईल.