दगडाकडून मातीकडे : रूथ डकवर्थ यांच्या निसर्गप्रेरित मृत्तिकाशिल्पाची जडणघडण

प्रस्तावना

कलेच्या इतिहासात माध्यमांची एक उतरंड दीर्घकाळ मान्य होती. संगमरवर आणि कांस्य ही शिल्पकाराची माध्यमे, तर माती ही कुंभाराची, असा तो भेद होता. शिल्पकार मातीचा उपयोग करी तो कच्चा आराखडा घडवण्यापुरता. अंतिम कृती दगडात किंवा धातूत उतरली म्हणजे मातीचे काम संपत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या कलावंतांनी या भेदाला कृतीने उत्तर दिले, त्यांत रूथ डकवर्थ (१९१९-२००९) यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. थडग्यांवरचे दगड कोरणारी एक शिल्पकार वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी होते, मातीचे शास्त्र मुळापासून शिकते आणि पुढे डोंगर, पाणी, ढग यांची भव्य भित्तिशिल्पे मातीतच घडवते, हा प्रवास कलाशिक्षणाच्या दृष्टीनेही उद्‌बोधक आहे. प्रस्तुत लेखात या प्रवासाचे टप्पे, मातीचे भौतिक गुणधर्म आणि निसर्गाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी यांचा परस्परसंबंध स्पष्ट केला आहे.

विस्थापन आणि शिल्पशिक्षण

रूथ डकवर्थ यांचा जन्म १० एप्रिल १९१९ रोजी जर्मनीतील हँबुर्ग येथे झाला. वडील ज्यू, आई ल्युथरन पंथाची. १९३३ मध्ये नाझी पक्ष सत्तेवर आला आणि १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यू वंशाच्या नागरिकांचे हक्क हिरावून घेतले. कलाशिक्षणाची दारे मायदेशात बंद झाल्याने १९३६ मध्ये त्या इंग्लंडमध्ये लिव्हरपूल येथे बहिणीकडे आल्या आणि १९४० पर्यंत लिव्हरपूल स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उत्तर इंग्लंडमध्ये फिरत्या कळसूत्री बाहुल्यांच्या खेळात त्यांनी काम केले. मँचेस्टर येथील दारूगोळ्याच्या कारखान्यातही त्या राबल्या.

पुढे लंडनमध्ये त्यांनी दगडी कोरीवकामाचे रीतसर शिक्षण घेतले आणि चरितार्थासाठी थडग्यांच्या शिळांवर फुले व नक्षी कोरण्याचे काम केले. वरवर पाहता हे निव्वळ पोटापाण्याचे काम होते. तथापि, एका छिन्नीच्या चुकीने संपूर्ण शिळा वाया जाऊ शकते, ही जाणीव हाताला शिस्त लावते. न्यू माल्डन येथील सेंट जोसेफ चर्चसाठी त्यांनी घडवलेली ख्रिस्ताच्या क्रूसमार्गावरील शिल्पे याच कालखंडातील होत. आकारमान, पोकळी आणि छायाप्रकाश यांचे जे भान पुढे त्यांच्या मातीकामात दिसते, त्याचा पाया या वर्षांत घातला गेला.

माध्यमांतर : एका प्रश्नाचे उत्तर

दगडाचे काम हे वजाबाकीचे काम आहे. शिळेत जे अनावश्यक आहे ते काढून टाकायचे आणि काढलेले पुन्हा जोडता येत नाही. मातीचे काम मुख्यतः बेरजेचे आहे. तिथे आकार वाढवता येतो, दाबता येतो, मोडून पुन्हा उभा करता येतो. परंतु या मोकळिकीची किंमत भट्टीत चुकवावी लागते. भाजलेल्या मातीवर झिलई कशी चढवावी, या तांत्रिक प्रश्नाबाबत डकवर्थ यांनी ल्यूसी री यांचा सल्ला घेतला. व्हिएन्नात जन्मलेल्या आणि १९३८ मध्ये निर्वासित होऊन लंडनला आलेल्या ल्यूसी री (१९०२-१९९५) या त्या काळातील अग्रगण्य मृत्तिकाकार होत. झिलईच्या चार कृती विचारून भागणार नाही, हे शास्त्र रीतसर शिकले पाहिजे, असा त्यांच्या सल्ल्याचा आशय होता.

त्यानुसार १९५५ मध्ये डकवर्थ यांनी हॅमरस्मिथ येथील कलाशाळेत प्रवेश घेतला. तेथील परंपरागत अध्यापन त्यांना रुचले नाही. १९५६ मध्ये त्या सेंट्रल स्कूल ऑफ आर्ट्‌स अँड क्राफ्ट्‌स या अधिक प्रयोगशील संस्थेत दाखल झाल्या आणि शिक्षण पूर्ण झाल्यावर १९५९ पासून तेथेच अध्यापन करू लागल्या.

या निर्णयाचे महत्त्व समजण्यासाठी तत्कालीन ब्रिटिश मृत्तिकाकलेची स्थिती लक्षात घ्यावी लागते. बर्नार्ड लीच (१८८७-१९७९) यांच्या विचारांचा या क्षेत्रावर मोठा पगडा होता. जपानी व इंग्रजी लोकपरंपरेतून प्रेरणा घेतलेले, चाकावर घडवलेले आणि रोजच्या वापरात शोभणारे भांडे हा त्यांचा आदर्श होता. डकवर्थ यांनी चाक जवळजवळ बाजूला ठेवले. चाकावर फिरणारा मातीचा गोळा स्वभावतः सममित आकार घेतो. निसर्गातील खडक, शिंपले, बीजकोश मात्र क्वचितच काटेकोर सममित असतात. हाताने वळलेल्या मातीच्या लांब वळ्या एकावर एक रचून आणि थापलेले पत्रे जोडून त्यांनी आकार उभे केले. कुंभाराच्या साहित्यात शिल्पकाराची विचारपद्धती त्यांनी अशा रीतीने आणली.

माती : एक भूशास्त्रीय माध्यम

डकवर्थ यांच्या कलेचा विचार मातीच्या शास्त्राशिवाय अपुरा राहतो. माती म्हणजे मुळात झिजलेला खडक. ग्रॅनाइटमधील फेल्स्पार या खनिजावर पाण्याची दीर्घकाळ रासायनिक क्रिया होऊन केओलीन ही पांढरी माती तयार होते. चीनमधील जिंगदेझेन जवळच्या गाओलिंग या टेकडीवरून तिला हे नाव मिळाले. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या ग्रॅनाइटी प्रदेशात ती विपुल सापडते. तिच्या आधारे विल्यम कुकवर्दी यांनी १७६८ मध्ये पोर्सेलीनचे पेटंट घेतले. तेव्हा दगडाकडून मातीकडे जाणे हे दोन परक्या पदार्थांमधील स्थलांतर नव्हे. निसर्गाने लाखो वर्षांत केलेल्या स्थित्यंतराचीच ती एक अवस्था आहे. भट्टी त्या स्थित्यंतराची दिशा उलटवते आणि मऊ माती पुन्हा अश्मवत होते.

ही प्रक्रिया टप्प्याटप्प्याने घडते. सुकलेल्या कृतीत उरलेला ओलावा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास वाफ होऊन बाहेर पडतो. उष्णता वेगाने वाढवली, तर कोंडलेल्या वाफेने जाड भाग फुटतो. साधारण ४५० ते ६०० अंशांदरम्यान खनिजाच्या रचनेत बांधलेले पाणी निघून जाते आणि त्यानंतर ती माती पाण्यात कालवून पुन्हा मऊ करता येत नाही. ५७३ अंशांना क्वार्ट्‌झच्या स्फटिकरचनेत बदल होऊन त्याचे आकारमान एकाएकी वाढते. थंड होताना हाच बदल उलट घडतो, म्हणून भट्टी निवतानाही घाई चालत नाही. स्टोनवेअर ही माती साधारण १२०० ते १३०० अंशांना घट्ट व जलाभेद्य होते. पोर्सेलीनमध्ये केओलीनबरोबर फेल्स्पार व क्वार्ट्‌झ असतात. उच्च तापमानाला फेल्स्पार वितळून काचेसारखा बंध निर्माण करतो आणि पातळ भिंतीतून प्रकाश पाझरू लागतो.

सुकणे आणि भाजणे या दोन्ही क्रियांत माती आकसते. एखादी माती लांबीत एकूण १२ टक्के आकसत असेल, तर १०० सेंटिमीटरचे अंतिम शिल्प मिळवण्यासाठी सुमारे ११४ सेंटिमीटरची ओली कृती घडवावी लागते. त्यामुळे मोठे भित्तिशिल्प एकसंध भाजणे व्यवहार्य ठरत नाही. ते अनेक भागांत विभागून, प्रत्येक भाग सावकाश सुकवून, वेगळा भाजून भिंतीवर जुळवावे लागते. सांधे कोठे येतील हा अशा वेळी तांत्रिक प्रश्न राहत नाही, तो रचनेचाच भाग बनतो.

डकवर्थ यांनी या दोन मातींचे स्वभाव ओळखून त्यांना भिन्न कामे दिली. खरबरीत स्टोनवेअरमध्ये त्यांनी मोठी, फुगीर, भेगाळ पृष्ठभागाची पात्रे घडवली. ती पाहताना पावसापाण्याने झिजलेला खडक आठवतो. नाजूक पोर्सेलीनमध्ये छोट्या वाट्या आणि त्यांना छेदणारी पात्यासारखी पातळ पाने त्यांनी योजली. पोर्सेलीन भट्टीत मऊ पडते, वाकते आणि आधी दिलेला ताण जणू लक्षात ठेवून विकृत होते. अशा लहरी मातीत तीक्ष्ण कड आणि मुलायम वक्ररेषा एकत्र साधणे यात त्यांचे कौशल्य दिसते.

शिकागो : भूगोल आणि आकाश

१९६४ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या निमंत्रणावरून त्या अमेरिकेत गेल्या. अल्पकाळासाठी स्वीकारलेले हे अध्यापन १९७७ पर्यंत चालले आणि शिकागो हीच त्यांची कायमची कर्मभूमी ठरली. विद्यापीठाच्या भूभौतिकी विज्ञान विभागाच्या हेन्री हाइंड्‌स प्रयोगशाळेसाठी त्यांनी १९६७-६८ मध्ये ‘अर्थ, वॉटर अँड स्काय’ हे स्टोनवेअरमधील भित्तिशिल्प साकारले. प्रवेशकक्षाच्या चार भिंती आणि छत व्यापणाऱ्या या कृतीत भूपृष्ठाचे चढउतार, पाण्याचे प्रवाह आणि माथ्यावरून लोंबणारे पोर्सेलीनचे ढग यांची योजना आहे. चक्रीवादळांच्या संशोधनासाठी विख्यात असलेले तेत्सुया फुजिता याच विभागात कार्यरत होते. कृत्रिम उपग्रहांनी घेतलेली पृथ्वीची छायाचित्रे त्या दशकात प्रथमच उपलब्ध होत होती. त्यांचा आणि समोच्चरेषांच्या नकाशांचा आधार डकवर्थ यांनी घेतला.

येथे निसर्गदर्शनाचा दृष्टिकोनच बदललेला आढळतो. पारंपरिक निसर्गचित्रात पाहणारा जमिनीवर उभा असतो आणि क्षितिज त्याच्यासमोर असते. उपग्रहाच्या छायाचित्रात क्षितिज नाहीसे होते; नदी म्हणजे शाखा फुटलेली रेषा, पर्वत म्हणजे वळ्यांची रांग आणि ढग म्हणजे भोवऱ्याची आकृती उरते. या आकृत्या अमूर्त दिसल्या तरी काल्पनिक नसतात. पृथ्वीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी रोज पृथ्वीच्याच पदार्थातून घडलेल्या कक्षातून वर्गाकडे जावे, हे औचित्य विज्ञान आणि कला यांच्या संवादाचे बोलके उदाहरण ठरते. १९७६ मधील ‘क्लाउड्‌स ओव्हर लेक मिशिगन’ या भित्तिशिल्पात त्यांनी हीच दृष्टी शिकागोलगतच्या विशाल सरोवराच्या प्रदेशाकडे वळवली.

अनुकरण की आत्मीकरण?

निसर्गप्रेरित कला म्हणजे निसर्गाची हुबेहूब प्रतिकृती, असा समज अनेकदा आढळतो. सोळाव्या शतकातील फ्रेंच मृत्तिकाकार बर्नार पालिसी यांनी साप, मासे, शंख, पाने यांचे प्रत्यक्ष साचे घेऊन आपली तबके सजवली. त्यांचे निरीक्षण सूक्ष्म होते आणि हेतू वस्तूचे रूप टिपण्याचा होता. डकवर्थ यांचा मार्ग याहून वेगळा आहे. त्यांच्या कृतींत विशिष्ट पान किंवा विशिष्ट शिंपला सापडत नाही. झिजणे, उमलणे, दुभंगणे, साचणे या नैसर्गिक क्रिया मात्र स्पष्ट जाणवतात. प्राचीन सायक्लॅडिक मूर्ती, ब्रांकुशी आणि हेन्री मूर यांच्या शिल्पांचे संस्कार त्यांच्यावर होते. आकार कमीत कमी अंगांपर्यंत आणण्याची वृत्ती तेथूनच पोसली गेली. आपल्या बहुतेक कृतींना त्यांनी शीर्षक दिले नाही. एकच आकार कोणाला हाड, कोणाला बीज, तर कोणाला मानवी देह वाटावा, ही मोकळीक त्यामुळे प्रेक्षकाला मिळते.

समारोप

उत्तरायुष्यात शिकागोतील लोणच्याच्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत डकवर्थ यांनी आपली कार्यशाळा थाटली आणि वृद्धापकाळातही काम चालू ठेवले. २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ आर्ट्‌स अँड डिझाइनमध्ये त्यांच्या समग्र कार्याचे प्रदर्शन भरले. त्याच्या शीर्षकात त्यांचा उल्लेख आधुनिकतावादी ‘शिल्पकार’ असा होता. पन्नास वर्षांपूर्वी मातीकडे वळताना जी ओळख धोक्यात येण्याची शक्यता होती, ती मातीनेच अधिक दृढ केली. १८ ऑक्टोबर २००९ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी शिकागो येथे त्यांचे निधन झाले.

या प्रवासातून अध्यापनक्षेत्राने घ्यावयाचे बोध स्पष्ट आहेत. पहिला म्हणजे, माध्यम बदलल्याने आधीचे शिक्षण वाया जात नाही. दगडाने दिलेली शिस्त डकवर्थ यांना मातीत उपयोगी पडली. दुसरा, तांत्रिक ज्ञान हे कलानिर्मितीचे दुय्यम अंग नव्हे. भट्टीतील तापमान, आकुंचन आणि झिलई यांची जाण असल्यामुळेच त्यांना आकाराचे स्वातंत्र्य मिळाले. तिसरा, शिल्पकला, कुंभारकाम आणि भूविज्ञान असे विभाग अभ्यासक्रमाच्या सोयीसाठी केलेले असतात. जिज्ञासेला ते बंधनकारक नसतात. कलाशाळेतील प्रस्थापित शिल्पकाराने छत्तिसाव्या वर्षी विद्यार्थ्यांच्या बाकावर परत बसावे आणि विद्यापीठानेही पुढे तिच्यासाठी विज्ञानाच्या इमारतीच्या भिंती मोकळ्या कराव्यात, या दोन्ही गोष्टी घडल्या म्हणूनच ही कला आकाराला आली. ज्या शिक्षणव्यवस्थेत अशा परतीला आणि अशा भिंतींना जागा असते, तेथेच आंतरविद्याशाखीय अभ्यास हा शब्द सार्थ ठरतो.