ग्रिलमधली फुली

पावसाळा सरत आला की ठाण्यात येऊरच्या पायथ्याच्या सोसायट्यांत काय, डोंबिवलीच्या जुन्या चाळींत काय, कुंड्यांजवळ एकच प्रश्न ऐकू येतो: "हा कोळी विषारी तर नाही ना?"

उत्तर शोधायला आधी कोळ्याकडे नको, जाळ्याकडे बघा. छताच्या कोपऱ्यातली जळमटं वेगळी. मधोमधून आरे फुटलेलं गोल, आखीवरेखीव जाळं दिसलं तर ते वर्तुळाकार जाळं विणणाऱ्या कोळ्याचं. त्याचं विष माश्या-डासांपुरतं. माणसाला त्याच्यापासून धोका नाही.

आता मधला कोळी निरखा. डोकं खाली, आठ पाय दोन-दोनच्या जोडीनं जुळवलेले, त्यामुळे अंगाची झालेली ठसठशीत फुली, पोटावर पिवळे-तपकिरी आडवे पट्टे आणि पायांच्या रेषेत शिवणयंत्रावर मारल्यासारखा पांढरा झिगझॅग टाका? मग ती सिग्नेचर स्पायडरची मादी, बहुधा अर्जिओपी अनसुजा. अंग जेमतेम सेंटिमीटरभर. नर तिच्या निम्म्याहूनही लहान. त्या टाक्यावरून परावर्तित होणाऱ्या अतिनील किरणांकडे किडे ओढले जातात, असं काही शास्त्रज्ञ मानतात. पक्ष्यांना जाळं दिसावं आणि त्यांनी ते फाडू नये म्हणून तो असतो, असं इतरांचं मत.

जाळं फक्त तिन्हीसांजेनंतर दिसत असेल, तर निओस्कोना असण्याची शक्यता मोठी. दिवसा हा तपकिरी कोळी पानाआड दडतो. विणताना त्याला पाहाच. आधी कोरडे आरे. मग मधून बाहेर जाणारा कोरडा, तात्पुरता फेरा. आणि शेवटी बाहेरून आत येत चिकट धागा, तोही तात्पुरता फेरा काढून टाकत. नजर अगदी अधू. सगळं काम पायांच्या अंदाजानं. वापरून झालेलं जाळं तो खाऊन टाकतो आणि त्यातली प्रथिनं नव्या धाग्यासाठी वापरतो.

आपल्या परिसरातले सगळे कोळी नोंदले गेलेत असंही नाही. ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या एका उड्या मारणाऱ्या, जाळं न विणणाऱ्या कोळ्याची नवी जात म्हणून नोंद झाली ती २०२१ मध्ये. २६/११ चे शहीद तुकाराम ओंबळे यांच्यावरून तिचं नाव ठेवलं इसिअस तुकारामी.

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत झाडू फिरवण्याआधी तीन फोटो काढा: अख्खं जाळं, कोळ्याची पाठ आणि पोट. ओळख पटवायला जाणकार नेमकं हेच मागतात.