तीन शेतांचं गाव

नकाशावर कीव्ह शहरापासून नीपर नदीच्या काठानं दक्षिणेकडे बोट सरकवत गेलात, की साधारण ४० किलोमीटरवर उजव्या तीराला युक्रेनमधलं एक खेडं लागतं. त्रिपिल्या. नावाचा अर्थ ‘तीन शेतं’ असा लावतात. नदीकाठी उंच टेकाडं, मधून घळी आणि वर काळ्या मातीची शेतं. आपली काळी माती बेसॉल्ट खडक झिजून झाली. तिथली गवताची मुळं हजारो वर्षं कुजून झाली.

१८९०च्या दशकात विकेंती ख्वोयका या मूळच्या चेक संशोधकानं इथल्या शेतांखाली खणलं. भाजलेल्या मातीचे जाड थर लागले आणि त्यांत नक्षीची मडकी. लाल, काळ्या रंगांत भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या रेषा. साडेसात ते पावणेपाच हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकरी संस्कृतीला याच गावाचं नाव मिळालं. रुमानियापासून नीपरपर्यंत तिचा विस्तार होता.

ते थर म्हणजे मृतांची घरं, असं ख्वोयकांना वाटलं. १९३०च्या दशकात शेजारच्या खालेप्या गावाजवळ उत्खनन झालं, तेव्हा उलगडलं की ही नांदती घरं होती. कुडाच्या भिंती, वर मातीचा लेप. आणि ती जळालेली! अलीकडे अभ्यासकांनी तशी घरं बांधून पेटवून पाहिली. लाकूडफाटा मुद्दाम रचल्याशिवाय माती इतकी भाजत नाही. म्हणजे माणसांनी आपली घरं आपल्याच हातांनी जाळली असावीत, असं अनेकांचं मत आहे. का, ते ठाऊक नाही. पण गंमत पाहा, न जळलेलं मातीचं घर पावसात विरघळून जातं. जळालं तेच उरलं.

उंच काठ आणि पलीकडे दक्षिणेला पसरलेलं गवताळ मैदान, म्हणून कीव्हच्या राजांना हे ठाणं मोलाचं. १०९३ साली जवळच्या स्तुहना नदीपाशी पोलोव्त्सी घोडेस्वारांनी त्यांचा पराभव केला. माघार घेताना तरुण राजपुत्र रोस्तिस्लाव पुरात बुडाला. त्याला वाचवायला गेलेला भाऊ व्लादिमीर कसाबसा तरला. १९१९च्या यादवीत याच गावचा बंडखोर ओतामान झेलेनी याच्या माणसांनी कीव्हहून चालून आलेल्या कोवळ्या कम्युनिस्ट पोरांना मारलं. कित्येकांना कड्यावरून नीपरमध्ये लोटलं.

धरणामुळे नीपर आता इथं तलावासारखी पसरलेली आहे. मुबलक पाणी, जवळ राजधानी, म्हणून गावाला लागूनच १८०० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र उभं राहिलं. कामगारांसाठी वसलेल्या नव्या शहराचं नाव युक्राइन्का. ११ एप्रिल २०२४ला रशियन क्षेपणास्त्रांनी ते केंद्र उद्ध्वस्त केलं. कीव्ह, चेर्कासी आणि झितोमिर या तीन प्रांतांना सर्वांत जास्त वीज तिथून जात होती. त्या दिवशी टर्बाइनची इमारत आगीत होरपळून निघाली.